फुकट ते पौष्टिक? तालमीचा खुराक, जिमची फी आणि अर्ध्या पैशातला ट्रेनर

आपल्या पॉडकास्टच्या या एपिसोडचं हे लेखी रूप. ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही, ज्यांचे इअरफोन नेहमीसारखे घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधली 'म्हणजे' आणि 'काय झालं की' थोडी कमी केलीत.

विषय इतिहासाचाच आहे, घाबरू नका. पण सुरुवात माझ्या पोटापासून करावी लागणार.

गेल्या पावसाळ्यात मी राजगडावर गेलो होतो. गुंजवण्याकडून, चोर दरवाज्याच्या वाटेनं. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत मी तीनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा ताक विकणाऱ्या एक मावशी डोक्यावर हंडा घेऊन माझ्या बाजूनं वर निघून गेल्या. वय साठीच्या पुढचं. जाताना म्हणाल्या, "बसा बसा, गड काय पळून जात न्हाय." मी माणूस दर आठवड्याला तुम्हाला मावळ्यांच्या गोष्टी सांगतो, आणि मावळात चढताना माझी ही अवस्था! खाली आल्यावर भोरला डॉक्टरांना दाखवलं. साखर काठावर. "गोळी आत्ताच नको, आधी हालचाल सुरू करा," असं त्यांनी सांगितलं.

म्हणून भोरमध्येच एक जिम लावली. तिथले ट्रेनर वयानं माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला पोरगा. गाव वेल्ह्याच्या बाजूला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, गुंजवणीच्या काठाला. राहतो भोरमध्ये, भाड्याच्या खोलीत. जिममध्ये मी त्याला 'सर' म्हणतो, बाहेर अरे-तुरे. तो मला दोन्हीकडे 'दादा'च म्हणतो.

दुसऱ्याच आठवड्यात तो म्हणाला, "दादा, तुम्ही सगळ्यांबरोबर नका करू. गुडघा दुखवून घ्याल. तुमच्यासाठी पर्सनल लावू. महिन्याला बारा सेशन. बाकीच्यांना चार हजार आहेत, तुम्ही दोन द्या. तुमच्याकडून पूर्ण कसे घेऊ?"

मी आपलं म्हणालो, "बघतो, सांगतो."

घरी विषय काढला. आई म्हणाली, "घे की मग! फुकट ते पौष्टिक." वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अर्ध्यात देतोय म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे असणार." झालं. दोन वाक्यांत दोन बाजू मांडून झाल्या आणि मी मध्ये अडकलो.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? दोन हजार वाचतायत, घ्यायचे. पण मला आठ दिवस उत्तर देता आलं नाही. मनात सारखं येत होतं की याला माझ्या पॉडकास्टवर नाव हवं असेल, माझा आधीचा आणि नंतरचा फोटो हवा असेल. किंवा काहीच नको असेल, आणि मग तर जास्तच अवघड. उत्तर सुचत नाही तेव्हा मी जे करतो तेच केलं. मागे गेलो. आपल्याकडे शरीर कमवायला शिकवणाऱ्या माणसाला पैसे कोण द्यायचं?

तालमीत फी नव्हती, मग भागायचं कसं?

आमचे आजोबा तरुणपणी गावच्या तालमीत जायचे. तालीम म्हणजे काय, तर दगड-मातीची एक खोली, आत मारुती, आणि मध्ये लाल मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळायचा. पहाटे जोर आणि बैठका, मग जोडी लावून लढत. मी लहानपणी विचारलं होतं, "आबा, महिन्याची फी किती होती?" ते हसले होते. वस्तादाला फी? हा शब्दच त्यांना पटेना.

पण तेच आजोबा दुसऱ्या एका गोष्टीत सांगून गेले की सुगी झाली की आमच्या घरून दोन पायल्या तांदूळ वस्तादांच्या घरी जायचा. कुणाकडून तेलाचा डबा, कुणाकडून दूध. हौद्यातली माती बदलायची वेळ आली की बैलगाड्या गावच्या. जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की वर्गणी गावाची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मोठ्यांच्या इनामावर. जिंकणाऱ्या पैलवानाच्या आधी वस्तादाला फेटा.

म्हणजे तालीम फुकट नव्हती. शिकणाऱ्या पोराच्या खिशातून पैसे जात नव्हते, एवढंच. भरणारं गाव होतं. आणि जिथं गावाची ताकद संपायची तिथं संस्थान सुरू व्हायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोल्हापूरचं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. रोमचं कलोसियम पाहून आल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी तसंच मैदान असावं असं त्यांच्या मनात आलं, आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पेठापेठांतल्या तालमींना आश्रय, पैलवानांना खुराक. दूध, तूप, बदाम. पैलवानाचा खुराक हा गरिबाच्या घराला परवडणारा खर्च कधीच नव्हता. तो दरबारानं उचलला म्हणून शेतकऱ्याचं पोरगं पैलवान होऊ शकलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही तालीम सगळ्यांची नव्हती. बायकांना हौद्यात पाय ठेवायची सोय नव्हती, आणि जातीची भिंत तालमीच्या दारातही होतीच. म्हणून पुण्याच्या गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीचं महत्त्व फार मोठं. मातंग समाजातला हा वस्ताद. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकवणारा. जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले, आणि पुढे फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा लहुजी पाठीशी उभे राहिले. १८८१ साली लहुजी गेले. आज आपण जिमला कितीही नावं ठेवली, तरी पावती फाडली की तिथं कुणाचंही नाव, कुणाचंही आडनाव चालतं, पोरगी असो की पोरगा. पैसे मोजून मिळणाऱ्या गोष्टीचा हा एक चांगुलपणा आहे, तो नाकारू नये.

पर्सनल ट्रेनर मुळात कुणाचा?

आता दुसरा प्रश्न. एका माणसाला एक शिक्षक, हे आलं कुठून?

युजेन सँडो हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तुमच्या आजोबांच्या वडिलांनी ऐकलं असण्याची शक्यता आहे. 'सँडो बनियन' आपण अजून म्हणतो ना, तोच सँडो. जन्म १८६७, प्रशियातला. जत्रेत ताकदीचे खेळ करण्यापासून सुरुवात केली आणि शरीर हाच धंदा केला. १८९७ मध्ये लंडनमध्ये व्यायामाची संस्था काढली. पुस्तकं, मासिक, व्यायामाची साधनं, टपालानं धडे, सगळं विकलं. आजचा फिटनेसवाला ॲपवर जे करतो ते सँडो पोस्टाच्या तिकिटावर करत होता. १९०४-०५ च्या सुमारास तो भारतातही येऊन गेला. आणि १९११ मध्ये इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याला आपला व्यायामाचा शिक्षक म्हणून नेमलं.

म्हणजे बघा, पर्सनल ट्रेनर खऱ्या अर्थानं राजाला परवडायचा.

आपल्या शेजारच्याच एका राजानं मात्र उलटा प्रवास केला. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी आधी सँडोची पुस्तकं आणि साधनं आणून वर्षानुवर्षं व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळाशाळांत नमस्कार सुरू केले. साधन लागत नाही, खोली लागत नाही, शंभर पोरं एका वेळी एका शिक्षकासमोर. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे. स्वस्त करण्याचे दोन मार्ग असतात. एक, शिक्षकाचा मोबदला कापायचा. दोन, एकाच शिक्षकाचा वेळ अनेकांनी वाटून घ्यायचा. औंधच्या राजानं दुसरा निवडला.

राजा गेला आणि घर गहाण पडलं

८ मार्च १९४८. आमचं भोर संस्थान त्या दिवशी मुंबई प्रांतात विलीन झालं. औंधही त्याच दिवशी. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, कोल्हापूर. लोकशाही आली, चांगलंच झालं. पण खुराकाचं खातं कुणाच्या नावावर गेलं, हे कुणी नीट ठरवलंच नाही.

हे मला कळलं खाशाबा जाधवांच्या गोष्टीतून. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. आयुष्य मातीत गेलेलं, तिथं गादीवर लढावं लागलं, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी. मधल्या काळात संस्थान गेलेलं. आता पैसे कुणाकडे मागायचे? गावानं वर्गणी काढली. तरी पुरेना. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावाकडे परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही मिरवणूक सगळ्यांना माहीत असते. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

यात उपकार आहे. पण तो उघड आहे. किती रुपये, कुणी दिले, कशावर काढले, परत कसे करायचे, सगळं दोघांना माहीत. म्हणून तो उपकार घेऊनही खाशाबांची मान ताठ राहिली, आणि देणाऱ्याचं घरही गेलं नाही.

इथं आल्यावर मला माझा प्रश्न जरा नीट मांडता आला. ट्रेनर मला दोन हजार सोडतोय. पण ते दोन हजार हवेत विरत नाहीत. ते कुणीतरी भरतंय. तालमीत गाव भरत होतं, कोल्हापुरात दरबार, खाशाबांच्या वेळी एका प्राचार्याचं घर. माझ्या वेळी कोण?

कारी आणि उत्रौली

थांबा, अजून एक थांबा घ्यायचाय, आणि तो आपल्याच तालुक्यात आहे. कारण पैशाचा प्रश्न सुटला तरी बांधिलकीचा उरतो.

भोर तालुक्यातलं कारी हे कान्होजी जेध्यांचं गाव. रोहिड खोऱ्याचे देशमुख. १६५९ मध्ये अफझलखान निघाला तेव्हा आदिलशहाचं फर्मान कान्होजींना आलं. अर्थ साधा होता. खानाला सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा. वतन म्हणजे काय? वर्षानुवर्षं मिळणारं उत्पन्न, मान, हक्क. पण त्याच वतनाची दोरी दुसऱ्याच्या हातात. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. भोरच्या अगदी शेजारी उत्रौली. तिथले खंडोजी खोपडे दुसऱ्या बाजूला, खानाकडे गेले. दोन गावं जवळजवळ, एकच फर्मान, आणि दोन वेगळे निर्णय.

म्हणूनच महाराजांनी पुढे सैन्याच्या बाबतीत जे धोरण ठेवलं ते मला फार व्यवहारी वाटतं. सभासदाच्या बखरीत त्याचं वर्णन आहे. लष्कराला गावं तोडून द्यायची नाहीत, पगार रोख किंवा सरकारी खजिन्यावरच्या वरातीनं द्यायचा. रोख घेणाऱ्या माणसाचं काम स्पष्ट असतं, देणाऱ्याची जबाबदारीही स्पष्ट असते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंजताना माणसं टिकवण्यासाठी वतनं पुन्हा द्यावी लागली. त्याच काळात शंकराजी नारायण सचिव झाले, आणि त्यांच्याच घराण्याचं पुढे भोर संस्थान झालं. आपल्या भोरचा राजवाडा, जिथं तुम्ही सिनेमाच्या शूटिंगची गर्दी बघायला जाता, तो या सगळ्या गोष्टीच्या टोकाला उभा आहे.

आता कुणी म्हणेल, काय राव, जिमच्या डिस्काउंटला अफझलखानाचं फर्मान लावताय? नाही लावत. पोरगा सरळ आहे. पण स्वतःला दोन प्रश्न मी यातून विचारले. एक, अर्ध्या पैशात शिकायला लागलो आणि तीन महिन्यांनी सोडावंसं वाटलं, तर मला सोडता येईल का, की 'त्यानं एवढं केलं आणि आपण...' असं होईल? दुसरा, तो मला ओरडू शकेल का? तालमीतला वस्ताद पाटलाच्या पोरालाही वेताच्या छडीनं सरळ करायचा, कारण त्या एका पोराच्या पैशावर त्याची चूल नव्हती. माझा ट्रेनर मला आधीच 'दादा, दादा' करतोय. त्यात आपणच दिलेली सवलत. मी दांडी मारली तर बोलणार कसा?

टपरीवरचा हिशेब

नवव्या दिवशी मी त्याला एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहाला बोलावलं. म्हटलं, "एक विचारू? रागावू नको. चार हजारांतले तुझ्या हातात किती येतात?"

तो आधी टाळत होता. मग सांगितलं. जिम त्याच्याकडून जागेचे तासाला १२५ रुपये घेते. बारा सेशन म्हणजे १,५००. चार हजारांत त्याला उरतात अडीच हजार. आणि मी दोन हजार दिले तर?

"पाचशे," तो म्हणाला.

बारा सेशनला पाचशे. एका तासाला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. पहाटे साडेपाचला उठून माझा गुडघा सांभाळायचा, माझं रडगाणं ऐकायचं, आणि हातात काय, तर दोन चहा आणि दोन वडापाव. माझ्या सवलतीचे पैसे कोण भरणार होतं याचं उत्तर मिळालं. समोर बसून बशीत चहा ओतत होता.

"मग कशाला देतोयस अर्ध्यात? नाव हवंय का पॉडकास्टवर? हवं असेल तर सरळ सांग, त्यात वाईट काही नाही."

त्यानं मान हलवली. थोडा वेळ गप्प बसला. मग जे म्हणाला ते मी त्याला विचारूनच इथं सांगतोय.

"नाव नको दादा. मला पैसे मागायला लाज वाटते. अनोळखी माणसाकडून घेतो. पण आपल्या माणसाकडून... मी सहावीपासून तालमीत होतो. वस्तादांनी आमच्याकडून एक रुपया कधी घेतला नाही. आणि मी त्याच अंगावर चार-चार हजार मागायचे?"

"वस्ताद आता कुठं असतात?"

"गेले. शेवटची सहा-सात वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर होते. वॉचमन."

मंडळी, यावर मला काही बोलता आलं नाही. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.

मग मी त्याला आमच्या आजोबांच्या दोन पायल्या तांदळाची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुझे वस्ताद घेत नव्हते हे खरं. पण त्यांच्या वस्तादांना गाव देत होतं. मधल्या काळात गावानं देणं बंद केलं आणि वस्तादांनी न घेणं तसंच चालू ठेवलं. म्हणून म्हातारपणी गेटवर उभं राहायची वेळ आली. तू त्यांच्याकडून डाव शिक, शिस्त शिक. हे एक नको शिकू.

तो म्हणाला, "मग तुम्ही चार हजार देणार?"

खरं सांगायचं तर मला दर महिन्याला चार हजार परवडत नव्हते. पॉडकास्टवर घर चालत नाही, हे तुमच्यापासून काय लपवायचं. म्हणजे अर्ध्यात घेतलं तर त्याच्या पोटावर पाय, पूर्ण दिले तर माझा महिना कोलमडणार, आणि नाही म्हटलं तर गुडघा आणि साखर जैसे थे.

जोडी

उत्तर आजोबांच्याच गोष्टीत होतं, आणि औंधच्या राजाच्या नमस्कारातही. तालमीत कुणीच एकटं शिकत नाही. कुस्तीला जोडी लागते.

माझी मावसबहीण पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर, आणि चार किलोचा गोळा. ती रोज सकाळी एकटी डांबरी रस्त्यावर पळायची, गोळाफेक युट्यूबवर बघून करायची. ॲकॅडमीची फी घरच्यांना जड. मी तिला फोन केला, "ताई, दोन हजारांत महिनाभर ट्रेनर मिळाला तर येशील? पण माझ्याबरोबर करावं लागेल."

"तुझ्याबरोबर? दादा, तू पळतोस?"

"नाही. म्हणून तर."

मग तिघं बसून ठरवलं. एका तासाला दोन माणसं. मी दोन हजार, तिचे दोन हजार. जिमला जागेचे १,५०० जायचे तेवढेच. त्याच्या हातात अडीच हजार, पूर्ण. आम्हाला मात्र निम्म्यात. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे, आधी. ज्याला सोडायचं असेल त्यानं पंधरा दिवस आधी सांगायचं, कारण विचारायचं नाही. आणि पॉडकास्टवर त्याच्या जिमचं नाव घ्यायचं नाही, निदान मी तिथं शिकतोय तोवर. त्यामुळे तुम्ही कमेंटमध्ये विचारू नका, मिळणार नाही.

हे काही आमच्या बुद्धीचं तेज नाही. पूर्वी साऱ्या गावानं मिळून जे केलं, ते आम्ही दोघांनी मिळून केलं. फरक एवढाच की आजोबांच्या तालमीत माझ्या बहिणीला आत येता आलं नसतं. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. म्हणजे हौद्याचं दार उघडायला इतकी वर्षं लागली. आमच्या तासात ती पहिल्या दिवसापासून माझ्या पुढे आहे.

पाच महिने झाले. साखर अजून काठावरच आहे, पण काठाच्या अलीकडे. गुडघा कधी बोलतो, कधी गप्प. बहिणीची चाचणी अजून व्हायचीय. आणि गेल्या मंगळवारी मी दहा मिनिटं उशिरा पोचलो तेव्हा ट्रेनर दारातच उभा होता. म्हणाला, "दादा, ही कधीची थांबलीय. उद्यापासून उशीर झाला तर तुमच्याशिवाय सुरू करणार." आवाज चांगलाच चढलेला. बहीण मागे उभी राहून हसत होती. मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं. हा त्याचा वस्तादांचा आवाज होता, आणि तो काढायची त्याला आता मुभा होती.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्यात, मुंबईत, जिथं असाल तिथं कुणीतरी तुम्हाला अशी सवलत देईल. ट्रेनर देईल, क्लासवाले सर देतील, ओळखीचा फोटोग्राफर देईल. प्रत्येक वेळी नाही म्हणायची गरज नाही. मोठ्या जिमनं नव्या वर्षाची ऑफर काढली तर तो त्यांचा धंदा आहे, खुशाल घ्या, फक्त वर्षभराचे पैसे आधी भरताना मध्येच सोडलं तर परत किती मिळतात ते विचारा. पण समोर एकटा माणूस असेल, स्वतःच्या अंगमेहनतीवर जगणारा, तर आधी त्याच्याबरोबर एक चहा प्या आणि विचारा की उरलेले पैसे कोण भरतंय. उत्तर 'मीच' असं आलं, तर एखादी जोडी शोधा.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फुकट नाहीच मिळालं काही." मग थोडा विचार करून म्हणाली, "त्या पोराला रविवारी जेवायला बोलाव. खुराक म्हणून." वडिलांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "इंद्रायणी तांदूळ आलाय नवीन. जाताना दोन पायल्या दे त्याला."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या तालमीचं काय झालं, वस्ताद कोण होते, त्यांना गाव काय द्यायचं, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट करून मला पाठवा. पुढचा एपिसोड त्यावरच करू. तोवर काळजी घ्या, आणि जमलं तर उद्या सकाळी दहा नमस्कार घाला. त्याला मात्र खरंच पैसे लागत नाहीत.